टिकाराम डोमाजीच्या नावावर

भंडारा,
२१ ऑगस्ट १९८६

चि. सौ. कुंता हीस,
शेवंताचा आशीर्वाद.

तुझं पत्र आठ दिवसांपूर्वी मिळालं. दिघोरीला तुमची भाताची रोवणी आटोपली असेल. इकडे आई थकली आहे, पण तुझी आठवण काढते. बाबा गेल्यापासून हातमाग तसाच उभा आहे, त्यावर आम्ही गोधड्या ठेवतो. पुंडलिकराव सर निवृत्त होऊन तुमसरला मुलाकडे गेले. त्यांच्या जागी मी आता कॉलेजची ग्रंथपाल झाले. टेबलावर घंटी मिळाली आहे. वाजवावी लागत नाही, मी मान वर केली तरी पोरं गप्प बसतात.

गावात मुलींची शाळा निघते आहे, तिथे बी.ए. झालेली बाई पाहिजे, म्हणून मार्चमध्ये तू बाहेरून परीक्षेला बसणार, हे वाचलं. अर्थशास्त्राचं ते लाल पुठ्ठ्याचं पुस्तक तुला महिनाभर हवं आहे. बाजारात ते आजही मिळत नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे.

पत्राच्या शेवटी टिकारामबद्दल चार ओळी आहेत. त्यांचं मागून पाहू.

पुस्तक अजून राखीव कपाटातच आहे. सरांनी लावून दिलेली पद्धतही तीच आहे. प्रत एकच, म्हणून एकाला दोन तास, इथंच बसून वाचायचं, रजिस्टरात सही करायची. शनिवारी कपाट बंद होताना घरी न्यायचं आणि सोमवारी साडेदहाला परत आणायचं. हे सगळं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना. बाहेरून बसणाऱ्यांना राखीव पुस्तक देता येत नाही. तेव्हा पुस्तक मिळणार नाही.

आता त्या चार ओळी.

तू लिहितेस, "टिकाराम डोमाजी कोणत्या गावचे होते, शेवंताबाई? मी त्यांच्यावर रागावली नाही. पण त्यांची शेवटची चिठ्ठी अजून माझ्या पेटीत आहे. त्यात 'मी विसरली' लिहिलं आहे, आणि 'ली'चा मागून 'लो' केला आहे. अकरा वर्षं मी त्या एका अक्षराशी अडून आहे. बाईमाणूस असं लिहिते, बाप्यामाणूस कसा लिहील?"

मला वाटत होतं, तुझ्या लक्षात आलं नसेल. कागदावर मी नेहमी शुद्ध लिहिते. त्या दिवशी घाई होती, बोलते तसंच उतरलं.

टिकाराम नावाचा विद्यार्थी आपल्या कॉलेजात नव्हता. सह्या माझ्या आहेत.

पंच्याहत्तर साली मी वाचनालयात हंगामी होते. बी.ए. तिसऱ्या वर्गात काढलेली, दर तीन महिन्यांनी हातात नवा कागद. कायम जागा निघणार होती. सर माझ्यासमोरच प्राचार्यांना म्हणाले, "अड्याळची कुंता यंदा बी.ए. होईल, पहिल्या वर्गात. तिलाच घेऊ. शेवंता आहेच हाताखाली." मी तिथेच पुस्तकांवर आकडे घालत होते. सरांनी आवाजही कमी केला नाही.

तुझी एस.टी. अकराला यायची, कपाट साडेदहाला उघडायचं. मी साडेदहाला टिकाराम डोमाजी लिहायचे आणि पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात, डब्याखाली ठेवायचे. दुपारच्या दोन तासांनाही तोच. बाकीच्या पोरांचं गाइडवर भागत होतं. पुस्तक मागणारी तू एकटीच होतीस.

तू रजिस्टरवर बोट ठेवून म्हणालीस, "हा कोण वो, शेवंताबाई? रोज याचंच नाव."

"आहे एक. पोरांच्या खोलीत बसते, लई वाचते."

"मले एक तास तरी सोड म्हणा त्याले."

"तूच लिहून दे. चिठ्ठी त्याले देईन, तो हो म्हणल तं पुस्तक देईन."

तू चिठ्ठी लिहिलीस. मी ती घरी नेली, मागाजवळ बसून वाचली. मला कोणी कधी चिठ्ठी लिहिली नव्हती. उत्तर लिहायला मला फार वेळ लागला नाही.

एकदा टिकारामनं तुझ्यासाठी अर्धा तास पुस्तक सोडलं, आठवतं? तू पानावर पेन्सिलनं बारीक खूण केलीस आणि मला म्हणालीस, "माणूस चांगला दिसते." त्या दिवशी मला बरं वाटलं. का, ते तू विचारू नकोस.

मग एक दिवस तू हिरवं पातळ नेसून आलीस आणि वाचनालयाच्या दारात बसलीस. त्याला पाहायचं होतं. अकरापासून तीनपर्यंत बसलीस. मी तुला चहा दिला.

"आला काय वो?"

"आत्ताच तं गेला. तुले पाहून हसला."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"त्यानंच नको म्हटलं. लाजते तो."

तू लाल झालीस. अख्ख्या कॉलेजात तेव्हा तुझ्याइतकी सुखी दुसरी कोणी नसेल. आणि ते सुख मी दिलेलं होतं, हेही खोटं नाही.

परीक्षेआधीच्या चिठ्ठीत टिकारामनं लिहिलं होतं, "शनिवारी पुस्तक घरी नेतो. सोमवारपासून पेपरापर्यंत आठही दिवस तुमच्यासाठी सोडतो. गाइडला हात लावू नका, तपासणाऱ्यांना गाइडचं उत्तर लगेच कळतं." तू घेतलेलं गाइड मैत्रिणीला देऊन टाकलंस. सोमवारी तू पहिल्या एस.टी.नं आलीस. तुझ्या हातात ती चिठ्ठी मीच दिली. "मी पुस्तक गावीच विसरली. गाव दूर आहे, पेपराआधी आणणं होणार नाही. क्षमा असावी." पुस्तक तुझ्यापासून दोन हातांवर, खणात होतं.

तू त्या एका पेपरात नापास झालीस. मे महिन्यात तुझ्या बापानं तुला दिघोरीला दिली. जुलैत मी कायम झाले. लग्नात मी तुला स्टीलचा डबा दिला होता, तो अजून वापरतेस असं लिहितेस. चांगला आहे तो.

तुला वाटेल, हे लिहून मी पस्तावा करते आहे. तसं असतं तर पुस्तक पाठवलं असतं. एका पार्सलचं काम आहे. नियम मीच सांभाळते, मला विचारणारं कोणी नाही. काल मी ते बाहेर काढलं, कागद गुंडाळला, सुतळीही बांधली. मग वाटलं, तू पास होशील. शाळेत लागशील, आणि कधीतरी बसनं भंडाऱ्याला येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहशील, पर्स घेऊन. सुतळी सोडली.

हे पत्र कोणाला दाखवायचं तर दाखव. रजिस्टरात टिकाराम डोमाजीच्या एकशे बारा सह्या आहेत. माझी एकही नाही.

तुझ्या चारही चिठ्ठ्या सोबत परत पाठवते आहे. शेवटच्या चिठ्ठीच्या मागे तू पेन्सिलनं लग्नाचं विचारून खोडलं होतंस, ते मी तेव्हाच उजेडात धरून वाचलं होतं. त्याचं उत्तर राहून गेलं होतं. होकार होता.

तुझी,
टिकाराम डोमाजी