आवाजचोराची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा जादूचे प्रयोग व बोलक्या बाहुल्या, सध्या निवृत्त, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. त्यांच्या स्वतःच्या डोक्याचा दाखला मात्र मी मागूनही मिळाला नाही. मला कोणी फूस लावलेली नाही. फूस लावण्याइतकी अक्कल माझ्या नातेवाइकांत असती, तर हा कागद लिहावाच लागला नसता.

माझ्या भाचीने मुलांसाठी सहा पुस्तकं लिहिली आहेत. त्यांत एक लंगडा जादूगार मुलांचे आवाज चोरून बाटल्यांत भरतो. लंगडा पाय माझा, तपकिरी कोट माझा, ओठ न हलवता बोलण्याची खोडही माझीच. सातवं, शेवटचं पुस्तक ती लिहिते आहे आणि त्यात तो मरणार आहे. ते छापायला जाईपर्यंत मी काही टिकत नाही, असं तेच डॉक्टर म्हणतात; तेव्हा छापण्याआधी तिने कलम पाच वाचावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. आधीची चार कलमं बाकीच्यांचं लक्ष तिकडे राहावं म्हणून आहेत. चाळीस वर्षं मी हेच करत आलो.

कलम १. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या पश्चात भाचीच्या. अट एकच: दारावर पाटी लावून त्यांचं प्रदर्शन करायचं नाही. आत्ताच काळ्या कागदी टोप्या घालून लोक जिना चढतात आणि विचारतात, "बाटल्या कुठे ठेवल्यात हो?" मी त्यांना खोकल्याच्या औषधाच्या दाखवतो. परवा एक आई म्हणाली, "जरा हिला घाबरवा ना, जेवतच नाही." मी त्या मुलीला म्हटलं, "बाळ, तुझी आई मूर्ख आहे." मुलगी खूश झाली. असे हे वाचक.

कलम २. माझे मेहुणे, म्हणजे भाचीचे वडील, यांना खिडकीजवळची खुर्ची. बहीण गेल्यावर पंधराव्या दिवशी ते सात वर्षांच्या पोरीला आणि एका पिशवीला घेऊन आले, याच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दोन दिवस ठेवून घ्या." ते दोन दिवस अकरा महिने चालले. एवढ्या काळात ते चारदा आले आणि चारही वेळा म्हणाले, "खुर्ची फार टोचते." ती त्यांनाच टोचावी म्हणून देत आहे.

कलम ३. आमच्या धंद्यात कुठलीही युक्ती जिवंतपणी सांगत नाहीत. सांगितली की ती युक्ती राहत नाही, नुसता हिशोब उरतो. ती मृत्युपत्रातून द्यायची, एका युक्तीला एक वारस, असा रिवाज आहे. त्यानुसार तरंगत्या रुमालाची युक्ती मी आमच्याच धंद्यातल्या, टोपीतून कबुतरं काढणाऱ्या कबूतरवाल्याला देतो. माझ्याकडून चोरली असं समजून तो ती तीस वर्षं करतो आहे. दोरा तिसऱ्या रांगेपर्यंत दिसतो. आम्ही सगळे दयेपोटी गप्प बसलो. आता त्याने ती नीट शिकावी, नाहीतर कबुतरंच उडवावीत.

कलम ४. बँकेत जे काही निघेल ते गल्लीच्या टोकाला जी बाई अडखळणाऱ्या मुलांना बोलायला शिकवते तिला. या यादीत स्वतःचं काम येणारी ती एकटीच आहे.

कलम ५. माझी बोलकी बाहुली ठकी, पेटीसकट, भाचीला. आणि ठकीबरोबर एक युक्ती.

पोरी, आई गेल्यापासून तू तोंडातून शब्द काढत नव्हतीस. डॉक्टर म्हणाले वाट पाहा. तुझे वडील म्हणाले, "मुकीच झाली बहुतेक," आणि खुर्चीबद्दल बोलू लागले. मला वाट पाहता येत नाही. मी जेवताना ठकीला तुझ्या शेजारी बसवू लागलो आणि तुझ्या वतीने तिला बोलायला लावलं. मुद्दाम किरट्या, घाणेरड्या आवाजात. तुला दूध आवडत नाही, तर ठकी म्हणायची, "मला दूध फार आवडतं." ठकी म्हणायची, "मामा किती छान गातो!" तू माझ्याकडे असं बघायचीस की मला बरं वाटायचं. रागवलेलं माणूस कधी ना कधी तोंड उघडतं. पण तू चिवट. दहा महिने गिळलंस.

शेवटचं वाक्य मी आठवडाभर आरशासमोर घोकत होतो. तोंडातून निघत नव्हतं. एका दुपारी ठकी म्हणाली, "मला आई आठवत नाही."

तू चमचा खाली ठेवलास. "खोटं बोलते ती," तू म्हणालीस. "मला आठवते."

आणि मग दोन तास बोलत होतीस. तिची साडी, तिचे केस, ती रागावली की कशी गुणगुणायची ते. शिंपी कात्री हातात घेऊन वर आला होता, "कोण बोलतंय?" म्हणून. त्या दिवसापासून तू माझा द्वेष केलास आणि मी करू दिला, कारण युक्ती सांगायची नसते. सहाव्या पुस्तकात ते वाक्य तू आवाजचोराच्या तोंडी घातलंस, एका मुलीच्या चोरलेल्या आवाजात. जगातलं सगळ्यात दुष्ट वाक्य म्हणून लोक मला पत्रं पाठवतात. बावळट आहेत, पण बरोबर आहेत. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

पुस्तकं दुरुस्त करू नकोस. मुलांना वाईट माणूस लागतो आणि मी चांगला वठलो आहे. त्याला हवा तसा मार. फक्त मरताना एकदा त्याचे ओठ हललेले दाखव. वाक्य मी देतो: "मलाही ती आठवते. माझी बहीण होती."

साक्षीदाराला मिळकतीतलं काही देता येत नाही असं वकील म्हणतात. म्हणून ज्यांना काही द्यायचं नव्हतं असे दोघे मी मुद्दाम निवडले. दोघांसमोर हा कागद मोठ्याने वाचला आणि सही केली. शिंप्याने मध्येच नाक शिंकरलं, त्याला सर्दी आहे असं तो म्हणतो.

सही: लंगडा मामा
साक्षीदार १: शिंपी, खालचं दुकान
साक्षीदार २: डॉक्टर, दाखला देणारे
स्थळ: जेवायचं टेबल, ठकीच्या शेजारची खुर्ची
दिनांक: बहिणीच्या वाढदिवशी, दुपारी