सड्यावरची हाळी

५ जानेवारी
बिरोबाच्या कृपेने आज वनखात्याच्या कामावर रुजू झालो. आमच्या जतकडच्या माळापेक्षा कोयनानगरच्या वरचा हा सडा, डोंगरमाथ्यावरचं पठार, निराळाच. छातीएवढं गवत, वर मोकळं आभाळ. काम सोपं: पिल्लं उडेपर्यंत गवती घुबडाचं घरटं राखायचं. हे घुबड झाडावर राहत नाही. गवतात बोगदा करून जमिनीवरच अंडी घालतं. वस्तीतल्या बनुबाईंनी भाकरी दिली. म्हणाल्या, आवं आण्णा, घुबड राखायला पगार मिळतोय व्हय? पोट धरून हसल्या.

१० जानेवारी
गावचे कारभारी लालासाहेब भेटले. नवं गवत फुटावं म्हणून संक्रांतीनंतर सडा पेटवतात. आधी नारळ ठेवून हाळी देतात, निघा रं, बाहेर या! आतून माणसाची ओ आली तर काडी लावत नाहीत. मी म्हटलं, पिल्लांना उडता येत नाही, ती कशी निघतील? म्हणाले, निघत न्हाई ते गवताचं.

१३ जानेवारी
पेटवणं थांबवा म्हणून सांगायला साताऱ्याच्या कचेरीत जाऊन आलो. साहेबांनी धोक्यातल्या पक्ष्यांची यादी दाखवली. जगात हे घुबड पुष्कळ, काळजीचं कारण नाही. मी विचारलं, आपल्या सड्यावर किती? त्याची नोंद नाही म्हणे. आणि सडा कागदोपत्री पडीक. पडीक जळलं तर नुकसान कसलं? एसटीत रागाने जीव नुसता जळत होता.

१७ जानेवारी
आधी बोगद्यात हात जाई. आज खांदेही आत गेले, बोगदा तर तेवढाच. पिल्लं फुसफुसली, सापासारखी. बाहेर येऊन बिरोबाचं नाव घेतलं तर नुसता वाराच निघाला तोंडातून. बनुबाई म्हणाल्या, वर लय गार हाय, घसा बसला. काढा दिला.

१९ जानेवारी
उद्या पेटवणार. साहेब फोन उचलत नाहीत. घसा मोकळा झालाय. आता एकच उपाय— आत जाऊन बसायचं. हाळी आली की ओ द्यायची.

२० जानेवारी
आत आहे. पिल्लं मांडीशी. मागचा बोगदा मिटला— छातीएवढं गवत आता उभं राहिलो तरी डोक्याच्या वर.

हाळी आली. ओ दिली— फुसकार. नुसता फुसकार.

पुन्हा हाळी. पिल्लंही माझ्याबरोबर— सगळ्यांचा एकच आवाज.

बनुबाई ओरडतायत, आण्णा दिसत न्हाईत, थांबा! लालासाहेब म्हणतायत, घुबडं फुसफुसत्यात गं, माणूस न्हाई आत.

धूर. बिरोबा, एक शब्द दे. पिल्लं पोटाखाली घेतलीत. एकच शब्द— मी आत आ