दरडीतला नागोबा

प्रिय अक्का,

सगळ्यात आधी आली ती शेजारची गोदाबाई, धापा टाकत. म्हणली, सोसायटीचा ट्रॅक्टर ओढ्याची दरड खणायला आलाय, तुझ्या जावंच्या नागोबाचं बीळ जातंय बघ. पुढं काय झालं ते तुम्हाला सांगितल्याबिगर घास उतरंना, म्हणून लिहायला बसले. तिसरीपर्यंतचं अक्षर हाय, सांभाळून घ्या.

दुष्काळात म्हशी विकल्या होत्या, आता पुन्हा दावणीला आल्यात. दूध सोसायटीची नवी खोली बांधायलेत, तिला भराव पायजे. माती बघत फिरले अन् नेमकी आपली दरड दिसली त्यांना.

हितं होता तवर दर नागपंचमीला तुम्ही त्या बिळाखाली दूध-लाह्या ठेवायचा. एरवी तिकडं कुणाला फिरकू द्यायचा न्हाय. उन्हाळ्यात तर पोरांना ओढ्यातबी उतरू दिलं न्हाय. आज मी पहिल्यांदाच जवळ जाऊन उभी राहिले. बिळातनं काय निघालं सांगू? वेडा राघू! हिरवागार, चिमणीएवढा, शेपटीत सुईसारखी काडी.

पाण्याच्या मोटारीच्या तारेवर जाऊन बसला. मधमाशी दिसली की झेप घ्यायची, धरून परत त्याच जागी यायचं, अन् तिला तारेवर आपटायचं, नांगी जाईस्तवर घासायचं. तुम्ही धुणं आपटायचा अगदी तसं! मग स्वतः न्हाय खाल्ली, चोचीत धरून बिळात गेला. आतनं बारीक चिवचिव. अक्का, इतकी वर्सं दूध कुणाला पाजलं ओ तुम्ही? हसून हसून पोट दुखलं माझं.

गोदाबाई कानाला लागली, नागच हाय म्हण, भिऊन पळतील. तेवढ्यात ट्रॅक्टरवरच्या इब्राहिमभाईनं विचारलंच, "मावशी, नाग हाय का हितं?"

तुमच्या जागेवर उभं राहून खोटं बोलवंना. म्या म्हणलं, "नाग न्हाय भाऊ. बाळंतिणीचं घर हाय."

तो खाली उतरला. राघू पुन्हा माशी घेऊन आत गेला, ते बघत राहिला. गड्यांची फावडीबी थांबली.

"बाळंतिणीला कोण उठवतंय?" म्हणला. "पिल्लं उडू द्या. तवर खालच्या वळणाची माती नेतो."

आता माझा शब्द ऐका. पिल्लं उडाली तरी दरडीचं वरचं अंग मी खणू देणार न्हाय, पुढल्या साली बीळ कुठं पाडतील ती? अन् नागपंचमीला लाह्या तिथंच ठेवीन, तुमच्या नावानं.

ही दरड खणायला वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी परत येतो म्हणून गेलेत.

तुमची धाकटी जाऊ,
सुभद्रा