चंद्रमातीचा वाफा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, कामावर ज्याला सगळे ‘मातीवाले’ म्हणत, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. थोरल्याने तो दोनदा वाचावा.

एक. मी जन्मभर प्रयोगशाळेत चंद्राची नकली माती केली. खरी चंद्रमाती म्हणजे उल्कांच्या माराने फुटलेल्या खडकाचा भुगा. खाली अखंड कातळ, वर हा सैल थर. तिकडे ना वारा ना पाणी, त्यामुळे कण झिजत नाहीत, काचेच्या चुऱ्यासारखे धारदार राहतात. तशी माती कुटून, चाळून मी मोठ्या वाफ्यात पसरायचो आणि तिच्यावर चांद्रगाड्यांची चाके चालवून पाहिली जात. माझ्या चाळण्या कुटाई यंत्रावरच्या मित्राला द्याव्यात. एक त्याने आधीच ढापली आहे, ती माफ.

दोन. बँकेतली सर्व शिल्लक थोरल्या मुलास. त्याने ती माझ्या तोंडावर मागितली होती, मिळाली. आता घरावर डोळा ठेवू नये.

तीन. राहते घर, भांड्याकुंड्यांसह, धाकट्या सूनबाईस. धाकटा आमच्याच प्रयोगशाळेत चाके बनवायचा. “बाबा, तुमची माती फार हट्टी आहे, चाक रुततंय,” म्हणून भांडायचा. शेवटच्या चाचणीत चाक रुतले नाही. ते सांगायला घरी येताना रस्त्यात अपघातात गेला. त्याला गेल्या पावसाळ्यात वर्ष झाले. थोरला म्हणाला, “तोच नाही, तर ही इथे कोण?” ती माझी मुलगी आहे, हे मी येथे कायद्याने लिहून ठेवतो. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच. लग्न करावे अशी माझी इच्छा आहे. जावई मला पसंत पडला नाही तरी नावे ठेवायला मी नसेन.

चार. वाफ्याविषयी. प्रत्येक चाचणीनंतर माती उकरून दाताळ्याने सारखी करायची असा आमचा नियम, कारण जुन्या चाकोरीत नव्या चाकाची परीक्षा होत नाही. सूनबाई त्याच वाफ्यावर कामाला आहे. धाकट्याच्या चाकाची चाकोरी तिने कोणाला मोडू दिली नाही. वर कापड घातले आहे आणि ती डबाही तिथेच बसून खाते. मी समजूत काढायला गेलो. ती म्हणाली, “बाबा, चंद्रावर असती तर लाखो वर्षं राहिली असती.” मी म्हणालो, “तिथे तुझ्यासारखं कोणी जेवत बसत नाही.” मग मीच दाताळे उचलले, पण चाकोरीवर ते फिरवायला माझाही हात धजेना. कापड आम्ही दोघांनी मिळून परत घातले.

पाच. पोरी, मी गेल्यावर ते कापड काढ. एकटीने करू नकोस, माझ्या मित्राला सोबत घे. रडू आले तर बाजूला होऊन रड, ओल्या मातीवर चाचणी होत नाही. मग वाफा सारखा कर आणि नवीन चाक चालू दे. तो त्या मातीत नाही. मीही खूप शोधला.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही : मातीवाले

साक्षीदार : १. डॉक्टरबाई (सही) २. शेजारचे शिंपी (सही)

स्थळ : राहत्या घराची मागची खोली
दिनांक : ४ मार्च