पडद्याआडचं माप

दहिवली,
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. संजनास,
अ. उ. आ.

टेंपोवाला शुक्रा अस्तराचं कापड टाकून खोपोलीकडे परत निघालाय. त्याला चहावर थांबवून हे लिहितेय. एवढ्याशा अंतराला पत्र कसलं म्हणून धाकटी बहीण हसणार, ठाऊक आहे. हस, पण आधी हे वाच. सोमवारपासून माझ्या नावाने व्हॉट्सअॅपवर जे काही येतंय, ते मी लिहिलेलं नाही.

सोमवारी दुपारी दुकानात लग्नाच्या कपड्यांची गर्दी. मोतीबाई मशीनवर, माझ्या तोंडात टाचण्या. एका मुलीचा फोन आला. काकू, माझा सहा आकडी नंबर चुकून तुमच्या मोबाईलवर आलाय, तेवढा वाचून दाखवा, म्हणाली. मी वाचला. दिवसभर माझं तेच तर चालतं. पावती हरवलेल्या बायका फोन करतात, मी नंबर शोधून मोठ्याने सांगते, म्हणजे मोतीबाई तेवढ्यात तो गठ्ठा काढून ठेवते. कुणाची तरी अडचण दूर केली म्हणून मला बरंच वाटलं. तासाभरात व्हॉट्सअॅप बंद.

चौकातला मोबाईलवाला म्हणाला, कुणीतरी तुमच्या नावाने दुसरीकडे उघडलंय, आठवडाभर हात लावू नका, सुरळीत होईल. मीही गप्प राहायचं ठरवलंय. लग्नसराईत बायकांना कळलं, तर दुकानाची पायरी कोण चढेल? डिजिटल हो, डिजिटल हो म्हणून मागे लागलेली तूच. आता माझ्यासाठी देवाजवळ दिवाही तूच लाव.

सासूबाईंना नमस्कार, सानवीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मालतीताई


साजगाव,
६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हसले नाही. कणकेच्या हातानेच पत्र वाचलं आणि सानवी कॉलेजातून आल्यावर तिच्या पुढ्यात ठेवलं. ती म्हणते, मावशीने एक मिनिट थांबू नये. व्हॉट्सअॅप पुन्हा उघडून आपला नंबर टाकायचा, नवे सहा आकडे येतील ते भरायचे. भरले की चोर तिथल्या तिथे बाहेर. त्याने पिन लावला असेल तर आपल्यालाही सात दिवस आत जाता येणार नाही, पण तेव्हा घर रिकामं असेल. आत्ता मावशी दाराबाहेर बसलीय आणि चोर आत, असं तिचं म्हणणं.

आता जे लिहिताना हात अडतोय ते. आमच्या मागच्या गल्लीतली सदफ, जिला मीच तुझ्याकडे पाठवलं, ती काल भाजीवाल्यापाशी भेटली. निकाहची कुर्ती तू कच्चे टाके घालून टेंपोतून पाठवली होतीस ना? तिच्या फिटिंगसाठी मालतीकाकूंनी व्हॉट्सअॅपवर पुन्हा फोटो मागितले, म्हणाली. या वेळी समोरून, चेहऱ्यासकट, ओढणी न घेता. तिने मंगळवारी दोन पाठवले. ताई, तू तर फक्त पाठीचा फोटो मागतेस, तोही मानेखालचा. पोर उलट तुझ्या काटेकोरपणाचं कौतुक करत होती.

मी तिला काही बोलले नाही. ते तू सांगायचंस. आणखी कुणी पाठवले असतील तर ते तुला दिसणारही नाहीत, म्हणून सगळ्यांनाच सांग. मोबाईलवाल्याचं ऐकू नकोस. पुढे तुझा पिन लावशील तो मला कळव, तू विसरतेस.

तुझ्या रागालाही मायाच समजणारी,
संजना


दहिवली,
९ नोव्हेंबर

चि. सौ. संजनास,
अ. आ.

सानवीने सांगितलं तसं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी केलं. चोर बाहेर गेला, पण त्याने पिन लावलेला, म्हणून मलाही सात दिवस बंदच. मग एकेकीला साधा फोन लावत बसले. कुणी धीर दिला, कुणी टोचून बोललं, दोघींनी न शिवलेलं कापड परत मागितलं. फोटो मात्र सदफशिवाय कुणी पाठवले नव्हते. निदान तसं सांगितलं तरी.

काल साजगावला आले. सदफच्या आईने, खतीजाभाभींनी, माझं सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या की तुमच्या बहिणीच्या शब्दावर पोरगी पाठवली होती. उरलेलं कापड टेंपोतून पाठवून द्या, म्हणाल्या. सदफ खोलीबाहेर आलीच नाही. तिचे अब्बा जलालभाई माझ्याबरोबर खोपोलीला पोलिसांत आले. तक्रारीत माझी चूक मी माझ्या हाताने लिहून दिली. ते शेजारी उभे होते, खाली बघत.

तुझ्या दारावरून गेले. तू खिडकीत दिसलीस. आत आले असते तर रडले असते, आणि तुझ्या सासूबाईंना उगाच चहा टाकावा लागला असता.

येताना एकच विचार. इतक्या वर्षांत मी कुणाचं माप मोठ्याने उच्चारलेलं नाही. पडद्याआड घेते, ओठातल्या ओठात म्हणते, मोतीबाईलासुद्धा चिठ्ठीवर देते. बायका येतात त्या शिवणाइतक्याच या गप्प राहण्यासाठी येतात. आणि तो सहा आकडी नंबर मी दुकानभर ऐकू जाईल असा वाचला. मला तो पावतीचा नंबर वाटला, संजना. ते माप होतं.

पत्र लिहीत जा, या दिवसांत तेवढाच आधार आहे.

ताई


साजगाव,
१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

दारावरून गेलीस याचा राग आहेच, तो भेटल्यावर वसूल करीन. सासूबाईही रुसल्यात. त्यांच्या मते चहा नाकारायचा तर निदान विचारू तरी द्यायचा.

आज सदफ आली होती. फार बसली नाही. मालतीकाकूंचं दुकान रविवारी उघडं असतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणून बसलेय. तेव्हा उघडं ठेव.

तुझी,
संजना

पिन अजून कळवला नाहीस.


दहिवली,
१७ नोव्हेंबर

चि. सौ. संजनास,
अनेक आशीर्वाद.

उघडं ठेवलं. अकराच्या सुमारास सदफ आणि तिच्या आई आल्या. कुर्ती पिशवीत होती, परत पाठवलेलं कापडही. खतीजाभाभी बाकावर बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या की पोरीचा हट्ट आहे, माझं मन अजून मानत नाही. मी म्हटलं, मानू नका, पण बसा. मोतीबाईने न सांगता पडदा ओढला आणि मशीन बंद केलं.

आत सदफने हळूच विचारलं की ते फोटो कुठे बाहेर येतील का. नाही म्हणावंसं फार वाटलं. पण मला माहीत नाही, असंच सांगितलं. आले तर तुझ्याबरोबर पोलिसांत मी येईन, तू एकटी जायचं नाहीस, म्हटलं. मग तिने हात लांब केले, टेप लावायला. या काळजीत माप बदललंय पोरीचं. कुठे आणि किती, ते तुला लिहिणार नाही.

निकाह पुढच्या महिन्यात. यापुढे फिटिंग पडद्याआडच, फोटो नाहीत. ज्यांना दहिवलीपर्यंत येववत नाही, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा शुक्राच्या टेंपोत बसून मीच जाणार आहे. साजगावात तुझ्या घरी उतरेन. सासूबाईंना चहाचं आत्ताच सांगून ठेव.

सात दिवस झाले, व्हॉट्सअॅप उघडलं, पिनही लावला. तू तीनदा विचारशील, कारण मी किल्ल्या, चष्मा, वाढदिवस सगळं विसरते. मापं विसरलेय का कधी? म्हणून तो तुलाही सांगणार नाही. रुसू नकोस.

आहेस तशीच माझी राहा.

तुझी,
मालतीताई