मशीनचं ऐकताना

प्रिय खटपटे,

तुझे निरोप मिळाले. तू ते मोबाइलवर बोलून पाठवलेस आणि तुझ्या मामीने ऐकून कागदावर उतरवून दिले. ‘फाइव्ह अ‍ॅक्सिस मशीन आलंय, पहिला जॉब मीच करायचा म्हणतात, मामा, माझे हातपाय गार पडलेत,’ एवढं झाल्यावर तिने कंसात लिहिलंय, ‘इथे पोरगी रडवेली.’ घरातली एक वस्तू जिने उघडल्याशिवाय सोडली नाही, ती रडवेली? मला हसूच आलं. फोन का केला नाही ते सांगतोच, पण आधी तुझं काम.

भीती वाटते ते बरंच आहे. तुझ्या जुन्या मशीनवर टूल पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली जायचं, बस्स. इथे खालचं टेबलही कलतं आणि स्वतःभोवती फिरतं. तू टूलच्या टोकाकडे बघत राहशील आणि धडक बसेल भलतीकडेच, टूल धरणाऱ्या होल्डरची क्लॅम्पला नाहीतर ते फिरवणाऱ्या स्पिंडलची टेबलाला. म्हणून कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करताना नुसतं टूल आणि कापायचा जॉब दाखवून समाधान मानू नकोस. होल्डर, जॉब पकडणारे वाइस, क्लॅम्प, त्यांचे बोल्टसुद्धा खऱ्या मापाने घाल. जॉब टेबलाला चिकटवून बांधू नकोस, खाली ठोकळा देऊन उंच घे, म्हणजे टेबल कललं तरी स्पिंडलला अंग चोरायला जागा राहील. आणि टेबल फिरवण्याआधी टूल पुरतं वर घ्यायचं, यात चिक्कूपणा नको. आमच्या एका प्रोग्रामरने वेळ वाचवायला ते जेमतेम उचललं होतं. टेबल फिरलं, टूल जॉबमध्ये घुसलं आणि दुरुस्तीवाल्याची वाट बघत मशीन कितीतरी दिवस झाकून पडलं.

पाचही अक्ष एकदम नाचवायची हौस सगळ्यांनाच असते. ती आवर. टेबल हव्या त्या कोनात कलवून तिथेच लॉक कर आणि साधं, नेहमीचं मिलिंग कर. बहुतेक जॉब असेच निघतात. वळणदार पातं असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तेव्हाच सगळं एकत्र हलव. टेबल कलतं म्हणून टूल आखूड लावता येतं, हा या मशीनचा खरा फायदा, कारण लांब टूल थरथरतं. गोल टोकाचं टूल सरळ उभं धरू नकोस. टोकाच्या अगदी मध्यावर ते कापत नाही, नुसतं रगडतं. थोडं तिरकं धर. टूल जवळजवळ उभं असतानाच टेबल कधीकधी गर्रकन अर्धा फेरा मारतं. घाबरू नकोस, मशीन बिघडलेलं नसतं, तिथे त्याचं गणित गोंधळतं. जॉब किंचित वेगळ्या कोनात बांधलास की हा प्रकार टळतो. सकाळी मशीन जरा तापू दे आणि मगच टेबलाच्या फिरण्याचा मध्य तपास. काल बरोबर होता म्हणून आज असेलच असं नाही. पहिल्यांदा प्रोग्राम जॉबच्या वर, हवेत चालव. वेग अगदी कमी, एकेक ओळ, आणि बोट टूल जागच्या जागी थांबवणाऱ्या फीड होल्डच्या बटणावर. त्या वेळी शेजारी कोणी गप्पा मारायला आलं तर खुशाल हाकलून दे, मग ते साहेब का असेनात.

एक गोष्ट मात्र मीच तुला शिकवली आणि आता मीच बदलून सांगतोय. तू सुट्टीत आमच्या कारखान्यात यायचीस तेव्हा मी तुला डोळे मिटायला लावायचो आणि विचारायचो, टूल खूश आहे की कुरकुरतंय? तू बरोबर ओळखायचीस आणि मी चारचौघांत मिरवायचो. टूलवर किती जोर पडतोय ते दाखवणाऱ्या लोड मीटरकडे बघायचं ते नवख्यांनी, मी मशीन कानाने चालवतो, असं म्हणायचो. मध्यंतरी पंपाच्या इंपेलरचा, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा, शेवटचा हात चालला होता. मी मशीनसमोरच उभा होतो. पलीकडच्या मशीनवरची ऑपरेटर बाई धावत आली, मला चक्क ढकललं आणि तिने फीड होल्ड दाबलं. तिचे ओठ हलत होते. टूल शिट्टी मारल्यासारखं किंचाळत होतं म्हणे, पार गेटवरच्या वॉचमनलाही ऐकू गेलं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पात्यावर नख फिरवलं तर बारीक लाटा लागल्या. जॉब भंगारात.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, मग बाकीचे. तुमचे बाकीचेही निघालेत. मी स्वतःच मॅनेजरकडे जाऊन सांगितलं, मशीन दुसऱ्याकडे द्या. त्यांनी मला खुर्ची ओढून दिली आणि प्रोग्रामिंगच्या टेबलावर घेतलं. मशीन आता ती ऑपरेटर बाई चालवते. टूल थरथरलं की ती काचेपलीकडून हाताची बोटं अशी काही नाचवते की अख्खं ऑफिस हसतं, मग मी वेग बदलून देतो. आमचं छान जमलंय. म्हणून तुला सांगतो, कानाच्या जोडीला लोड मीटर बघ, कापून निघणाऱ्या चिप्सचा रंग बघ, मशीनच्या दारावर तळहात ठेवून बघ. आणि कानात प्लग घालून काम कर, माझ्यासारखी ऐट नको. प्लग असला तरी कुरकुर कळते.

खरं सांगू? मशीनचं एवढं पुराण तुला तिथेही कोणीतरी सांगितलं असतं. हे पत्र तुझ्या आईसाठी आहे. दर रविवारी ताईचा फोन यायचा आणि गेले काही महिने मी अंदाजानेच ‘हो’, ‘बरं’, ‘वा’ करत होतो. तिला माझ्या कानांचं कळू द्यायचं नव्हतं. मला शिंक आली तरी ती अंथरूण धरते. असंच एकदा ती काहीतरी सांगत होती. मला वाटलं, गच्चीवर पत्रा घालायचं चाललंय. मी म्हणालो, ‘वा, छानच की! हे केव्हाच करायला हवं होतंस.’ तिने फोन ठेवून दिला. नंतर तिचा फोन आला नाही आणि मी मेला मनातून सुटलो म्हणत होतो. परवा भावोजींनी मामीला सांगितलं, तेव्हा कळलं, की ती छातीतल्या गाठीबद्दल आणि ऑपरेशनबद्दल सांगत होती. गाठ साधी निघाली, पण तिने ते सगळं भाऊ जवळ नसताना काढलं, आणि तूही तुझ्या निरोपात अवाक्षर काढलं नाहीस. तिनेच बजावलं असणार. मामी म्हणाली, मी फोन करून सांगते. मी नको म्हटलं. येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. त्याआधी तू तिच्याजवळ बसून हे तिला वाचून दाखव, टूल-होल्डरचं गाळलंस तरी चालेल. ती चिडेल, चिडू दे. मी आलो की तिने मला हवं तेवढं झाडावं. फक्त तोंड माझ्याकडे करून, सावकाश बोल म्हणावं. त्यातला एकही शब्द मला गाळायचा नाहीये.

तुझाच,
मामा