पाणी दाबलं की हो

५ मे २०१९, रविवार

हिमांशू पुण्याला पोचायच्या आत इकडं पडद्याची वायर पुरेना! दोन दिवस खपून बापासाठी करून दिलंय त्यानं — तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला बोटानं दाबायचा पडदा, त्यावर सहा चौकोन. वर पाणी, चहा, पंखा. खाली दुखतंय, नको, हो. दाबलं की आतून बाई बोलते. जानेवारीत झटका आला तेव्हापासून ह्यांची वाचा गेली, उजवं अंग गेलं. मान हलवतात, पण ती हो की नाही ते कळत नाही. डावा हात तेवढा चालतो.

पलंग पंख्याखाली सरकवला म्हणून घोळ झाला. पडदा उलटा टांगला तेव्हा कुठं वायर बटणापर्यंत आली. पण चित्र डोक्यावर उभं! हिमांशूनं पुण्यात बसूनच ते सुलटं केलं. ‘झालं आई. आता हात लावू नकोस.’

मी कशाला लावते. ह्या घरात रेडिओपासून रिमोटपर्यंत सगळं ह्यांच्याच हातात.

७ मे, मंगळवार

दुखतंय का विचारलं — ‘पाणी’. पाणी दिलं तर तोंड घट्ट मिटलं. कूस बदलू का — ‘पाणी’. टँकर तीन दिवस नाही, पिंपात चार बादल्या, आणि ती आतली बाई दिवसभर पाणी पाणी करतीय!

१० मे, शुक्रवार

स्पीच थेरपीच्या मॅडम आल्या होत्या. ह्यांना विचारलं, ‘तुमचं नाव मधुसूदन?’

‘पाणी.’

माझ्याकडं बोट केलं — ‘ह्या तुमच्या बहीण का?’

‘चहा.’

मॅडमनी वही मिटली. तिथंच, पलंगाशी उभं राहून म्हणाल्या, ‘आकलन फारसं राहिलेलं दिसत नाही, काकू.’

मीही तिथूनच हिमांशूला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, ‘आई, आपण कुठं आहोत हेही त्यांना कळत नसेल तर तू एकटी किती दिवस करणार? इथं एक केंद्र आहे, चोवीस तास नर्स. शनिवारी अठराला गाडी घेऊन येतो.’

‘मी आहे ना!’

‘तू बासष्टची आहेस, आई.’

जानेवारीपासून जिना उतरले ती फक्त टँकरसाठी. हे पलंगावर, मी पलंगाभोवती. तरी पाठवायचं? छत्तीस वर्षं संसार केलेला माणूस, पार्सलासारखा?

११ मे

समोरच्या प्लॉटवर नवी बिल्डिंग येतीय. बोअर घेतायत. सहाशे फूट गेले म्हणे, नुसती धूळ निघतीय. खिडक्या बंद. आत हे, मी आणि पंखा.

१३ मे, सोमवार

पडदा ओल्या फडक्यानं पुसला. बंद करून चालू केला. वायर काढून घातली. ढिम्म फरक नाही. हिमांशू म्हणाला, ‘सोड ना आई. टच चालला तरी उपयोग काय?’

आवडाबाई ह्यांना आंघोळ घालायला येते. ती मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काकू, सायबाला समदं कळतंय. म्या हात वर म्हन्लं की हात वर करत्यात. लई शानं मानूस हाय. तुमचं डबडंच येडं हाय!’

रात्रभर डोक्यात तेच.

१५ मे, बुधवार

आज पहिल्यांदा मी स्वतः बोट लावलं. फुटलं तर?

‘पाणी’ दाबलं — बाई म्हणाली ‘हो’. ‘हो’ दाबलं — ‘पाणी’! चहा दाबला की नको, नको दाबलं की चहा. पंखा म्हटलं तर दुखतंय. कागदावर सहा चौकोन काढून रेघा ओढल्या. सगळ्या मधोमध एकमेकींना छेदल्या. म्हणजे हिमांशूनं चित्र तेवढं फिरवलं. बोटाच्या जागा होत्या तिथंच राहिल्या!

मग मॅडमचे प्रश्न त्या कागदावर लावून पाहिले. नाव मधुसूदन? — हो. ही बहीण? — नको.

बरोबर होते! सगळं बरोबर सांगत होते!

म्हणजे सगळं ऐकलंसुद्धा. आकलन राहिलं नाही, आई एकटी किती दिवस करणार, केंद्र, गाडी, अठरा तारीख — सगळं ह्यांच्या उशाशी बोललो आम्ही. दहा दिवस माणूस ओरडून सांगतोय आणि मी तोंडात पाणी ओततीय.

१६ मे, गुरुवार

हिमांशू मीटिंगमध्ये. म्हटलं, आपणच करू. माऊस जोडून पडद्याच्या सेटिंगात गेले. ‘इन्व्हर्टेड’वर टिक होती, ती ‘नॉर्मल’वर केली. चित्र पुन्हा डोक्यावर! मग आवडाबाईनं आणि मी पडदाच सुलटा टांगला. वायरीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक्स्टेन्शन बोर्ड आणला. झालं!

ह्यांचं बोट हळूहळू वर गेलं. ‘पाणी.’ भांडं लावलं तर घटाघटा प्यायले. मला रडू आवरेना. आवडाबाई म्हणाली, ‘म्या काय म्हन्लं व्हतं!’

हिमांशूला सांगितलं नाही. येऊ दे, डोळ्यांनी बघू दे. मग बघते कसा नेतो!

१८ मे, शनिवार

म्हटलं, तो यायच्या आत ह्यांच्याकडूनच एकदा वदवून घ्यावं. विचारलं — ‘पुण्याच्या त्या केंद्रात जायचंय तुम्हाला?’

‘हो.’

टच पुन्हा बिघडला म्हणून सहाही चौकोन दाबून पाहिले. नीट आहेत. परत विचारलं. ‘हो.’

‘मग मीही येते बरोबर. तिथंच राहीन.’

‘नको.’ मी काही बोलायच्या आत पुन्हा — ‘नको. नको.’

खाली गाडी थांबली. दार उघडायला उठले, तर ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलंय. सोडेनात.